दुसऱ्या गालाचा अर्थ

ख्रिस्ती माणसाबद्दल लोकांना एक गोष्ट हमखास ठाऊक असते. त्याच्या एका गालावर कोणी मारली तर तो दुसरा गाल पुढे करतो! शाळेत असताना पाठीत धपाटा घालून "आता दुसरी बाजू कर की" असे म्हणणारे मित्र मला पुष्कळ भेटले. त्यात राग मानण्यासारखे फारसे नव्हते. परंतु ज्या शिकवणुकीची अशी चेष्टा होते तिचा खरा अर्थ काय, हे मला तरी कुठे माहीत होते? अपमान करणाऱ्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे? मुकाट्याने सोसावे, हसून सोडून द्यावे, की जशास तसे उत्तर देऊन रविवारी चर्चमध्ये क्षमा मागून मोकळे व्हावे? गेल्या वर्षी एका लहानशा प्रसंगाने हा प्रश्न माझ्यापुढे असा उभा राहिला की त्याचा छडा लावल्यावाचून मला चैन पडेना. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. द्वितीय वर्ष कला वर्गात शिकणारा, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला एक विद्यार्थी आहे. जे वाचले, विचारले आणि पाहिले तेवढेच येथे मांडीत आहे.

प्रसंग असा. आम्ही पाचसहा मित्र चहा पीत बसलो होतो. बोलता बोलता कुणाच्या गावाचे, कुणाच्या भावकीचे विषय निघाले. तेवढ्यात माझा एक जवळचा मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रं, तुझ्या पणजानं किती पायली जुंधळ्याला देव बदलला?" सगळे हसले. आणि खरे सांगायचे तर मीही हसलो.

त्या रात्री मी मनाची समजूत घातली की, आपण त्याला क्षमा केली. आपण ख्रिस्ती आहोत, आपले हेच काम. पण दुसऱ्या दिवशी तो समोरून येताना दिसला तेव्हा मी ग्रंथालयाच्या मागच्या बाजूने वळून गेलो. आठ दिवस असेच चालले. मग माझ्या ध्यानात आले की ही क्षमा नव्हे. क्षमा केलेला माणूस वाट बदलून जात नाही. मी हसलो होतो तो भीतीने. नाही हसलो तर हे मला आपल्यात घेणार नाहीत, ही ती भीती. तिलाच मी धर्माचे नाव देऊन बसलो होतो.

तेव्हापासून मी शुभवर्तमाने पुन्हा वाचायला काढली. लहानपणी पाठ केलेली वचने अडलेल्या माणसाच्या नजरेने वाचली की निराळी दिसतात, असा मला अनुभव आला. दुसऱ्या गालाची शिकवण मत्तयच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात आहे. तेथे येशू नुसता गाल म्हणत नाही, उजवा गाल म्हणतो. काही अभ्यासकांनी यावर एक मार्मिक खुलासा केला आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हाताने मारायचे तर तळहाताने मारता येत नाही, हाताच्या पाठीने मारावे लागते. वाचकांनी मनातल्या मनात करून पाहावे! त्या काळी असा तडाखा बरोबरीच्या माणसाला मारीत नसत. तो मालकाने गुलामाला, वरच्याने खालच्याला त्याची पायरी दाखवण्यासाठी मारायचा. अशा वेळी जो माणूस पळत नाही, उलट हात उगारीत नाही, पण मान ताठ ठेवून दुसरा गाल समोर धरतो, तो जणू म्हणतो की, मारायचेच असेल तर बरोबरीचा समजून मार. हा खुलासा सर्वांना मान्य आहे असे नाही. पण त्यामुळे मला एवढे कळले की दुसरा गाल पुढे करणे आणि मान खाली घालणे या दोन भिन्न गोष्टी असू शकतात.

शिवाय ज्याने ही शिकवण दिली तो स्वतः कसा वागला हेही पाहिले पाहिजे. येशूला पकडून महायाजकापुढे उभे केले असता तेथल्या एका शिपायाने त्याला चपराक मारली. योहानाने ही हकीकत अठराव्या अध्यायात दिली आहे. येशूने तेव्हा काय केले? त्याने शापही दिला नाही आणि तो गप्पही बसला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर चूक दाखवून दे, आणि बरोबर असेल तर मला का मारतोस, अशा अर्थाचा सरळ प्रश्न त्याने विचारला. पुढे वधस्तंभावर त्याने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याआधीचा हा प्रश्न आपण विसरतो. पौलाचीही अशीच गोष्ट आहे. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप धाडला, तेव्हा त्याने जायचे नाकारले. आम्हाला उघड मारले, आता चोरून काय सोडता, स्वतः येऊन बाहेर न्या, असा त्याचा आग्रह. अधिकाऱ्यांना यावे लागले. आणि आदल्याच रात्री, भूकंपाने दरवाजे उघडले तेव्हा, कैदी पळाले असे समजून जीव देऊ पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला याच पौलाने वाचवले होते. अन्यायाचा जाब मागणे आणि माणसावर दया करणे ही दोन्ही कामे त्याने एकाच दिवसात केली.

मराठी बायबलात 'कृपा' हा शब्द वारंवार येतो. मूळ ग्रीक शब्द 'खारिस'. घेणाऱ्याची लायकी न बघता दिलेले दान असा त्याचा आशय. आपल्याकडे वारकरी माणूस गुरूचा अनुग्रह म्हणतो, त्याच्या जवळचाच हा भाव आहे. जे आपल्याला फुकट मिळाले ते दुसऱ्यालाही फुकट द्यावे, हा ख्रिस्ती क्षमेचा पाया. मत्तयच्या अठराव्या अध्यायात, स्वतःचे डोंगराएवढे कर्ज माफ झालेल्या पण सोबत्याच्या किरकोळ देण्यासाठी त्याचा गळा धरणाऱ्या चाकराची गोष्ट आहे. सत्तर वेळा सात क्षमा करावी हे वचनही तेथेच. पण याच अध्यायात त्याच्याही आधी एक नियम सांगितला आहे, तो मात्र प्रवचनात क्वचित ऐकू येतो. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला त्याची चूक सांग. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांड. म्हणजे क्रम कसा आहे पाहा. आधी सांगायचे, तेही चारचौघांत पाणउतारा न करता, आणि मग क्षमेला गणती ठेवायची नाही. मी काय केले होते? सांगितलेच नव्हते. जी चूक त्याला कळलीच नाही तिची क्षमा मी माझ्या खोलीत बसून करीत होतो!

हे सारे पुस्तकात ठीक आहे, प्रत्यक्षात कोणी असे वागले काय, असे कोणी विचारील. त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, शेजारच्या बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. घरादाराला मुकलेल्या या गृहस्थाने १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. ज्या समाजाने त्यांना दूर लोटले त्याच समाजातील विधवांचे दुःख हा त्या पुस्तकाचा विषय आहे.

त्याहून ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. संस्कृत विद्येसाठी ज्यांना कलकत्त्याला मानाने पदवी मिळाली, त्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. तेथे धर्मोपदेश करणाऱ्या मंडळींनी सांगितलेले सगळे त्यांनी मान डोलावून स्वीकारले असेही नाही. जे पटले नाही ते पटले नाही म्हणून त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली तेथे वादळ उठले. रमाबाई मुलींना बाटवतात असा आरोप आला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची प्रार्थना उघड्या दाराने चाले आणि मुली आपण होऊन येऊन बसत. ते दार बंद करायला त्या तयार झाल्या नाहीत. आपली बाजू त्यांनी उघडपणे मांडली, पण सूड म्हणून कोणाचे दार बंद केले नाही. याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि ती हिंदूच राहिली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. ज्या समाजाने त्यांना बाटगी म्हटले त्याच समाजाच्या टाकून दिलेल्या लेकी त्यांनी पोटाशी धरल्या. पण सरकार ख्रिस्ती म्हणून त्या सरकारपुढेही गप्प बसल्या नाहीत. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. गव्हर्नरांनी ते खोटे ठरवले तरी त्यांनी माघार घेतली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा याहून वेगळी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून संसार मोडला, वर लोकांची बोलणी. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला नवल वाटले ते याचे की त्यांनी काहीही लपवलेले नाही. माहेरच्या सोवळ्याचा जाच, नातलगांचे वागणे, खुद्द टिळकांचा संताप आणि लहर, सगळे जसेच्या तसे सांगितले आहे. तरीही पुस्तकात कुणाविषयी विष नाही. वाचक हसतो आणि हसता हसता त्याला अन्याय दिसतो. खरे पूर्णपणे सांगायचे आणि सांगताना माणूस मनातून उतरू द्यायचा नाही, याला मी आता कृपेचे वागणे म्हणतो.

हा गुण ख्रिस्ती माणसांचीच मिरास आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अंगावर थुंकणाऱ्यामुळे पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणारे एकनाथ आणि काटेरी फांदीने झोडपणाऱ्या मंबाजीचे पाय चेपणारे तुकोबा यांच्या कथा ऐकतच आपण मोठे झालो. नारायण वामन टिळक तर तुकोबांचे ऋण मोकळेपणाने मान्य करीत.

आता एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. आमच्या वस्तीतला एक शिकलेला तरुण मला म्हणाला, "ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही गालांवर खाल्ल्या, त्यांना गाल पुढं करायला काय शिकवता? मारणाऱ्याला शिकवा की." त्याचे म्हणणे खोटे नाही. दुबळ्याला क्षमा शिकवणे मारणाऱ्याच्या सोयीचे असते. म्हणूनच क्षमा आणि न्याय यांची फारकत होऊ देता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती नव्हते, पण २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी काय केले ते पाहावे. उलट मार देण्यास सज्ज झालेल्या आपल्या माणसांना त्यांनी आवरले, मारणाऱ्यांना कायद्याच्या दारात उभे केले आणि पाण्यावरचा हक्क मात्र सोडला नाही. अलीकडच्या काळातील उदाहरण ओडिशातील ग्रॅहम स्टेन्स यांच्या कुटुंबाचे आहे. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या या ऑस्ट्रेलियन गृहस्थांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांसह मोटारीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या रुग्णांसाठी पुढेही काही वर्षे तेथेच राहिल्या. पण म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. क्षमा ही त्या बाईंनी आपल्या मनातून द्वेष काढून टाकण्याची गोष्ट होती. गुन्ह्याचा निवाडा हे न्यायालयाचे काम होते. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

एवढी मोठी उदाहरणे दिल्यावर घरचे एक सांगतो. माझे वडील गवंडी आहेत. दहावीच्या सुटीत मी त्यांच्या हाताखाली घमेली वाहायला जात होतो. एका घरी गिलाव्याचे काम होते. पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा इतरांना घरातले कप आणि आम्हा दोघांना कान तुटलेले दोन निराळे कप, कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेले. आम्ही कोण हे त्यांना कुणीतरी सांगितले असावे. धर्म बदलला म्हणून जात विसरायला लोक काही तयार नसतात. वडील आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, कप सगळ्यांना एकसारखं असू द्या. न्हाईतर आम्हाला चहा नको." कप बदलले नाहीत. अकरा दिवस आम्ही चहा घेतला नाही. गिलावा मात्र वडिलांनी असा केला की ओळंब्याला सुताचा फरक नाही. मी चिडून म्हणालो, "बाबा, यांच्या भिंतीला एवढं कशाला करायचं?" ते म्हणाले, "भिंत वाकडी केली तर वाकडा कोण झाला? ती का मी?" शेवटच्या दिवशी बाईंनी मजुरीचे पैसे कट्ट्यावर ठेवले. वडिलांनी ते मोजून घेतले आणि आम्ही निघालो. त्या घरात काही बदल झाला असे मला सांगता येणार नाही. कृपेने वागले की समोरचा सुधारतोच, असा काही हिशेब नाही. सातवी शिकलेल्या माझ्या वडिलांनी मत्तयचा अठरावा अध्याय मला असा पुस्तकाशिवाय शिकवला होता. तो समजायला मला तीन वर्षे लागली.

जोंधळ्याचा प्रश्न मी आज्जीपुढे मांडला. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. घरात सांगतात की पणजोबा रात्रीच्या शाळेत अक्षरे शिकले आणि मग ख्रिस्ती झाले. आज्जीने तेही सांगितले, पण आधी म्हणाली, "आणि भाकरीसाठी गेला असता तर काय झालं असतं? भाकर खाणाऱ्यानं लाजायचं का न देणाऱ्यानं?" या प्रश्नाने माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. मी ज्या गोष्टीची लाज बाळगत होतो ती लाज मुळात माझी नव्हतीच.

मग एके संध्याकाळी मी त्या मित्राला एकट्यालाच रंकाळ्यावर घेऊन गेलो. छाती धडधडत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी तू बोललास ते मला लागलं. मी हसलो, पण ते खोटं हसणं होतं. तुझ्याशी मैत्री मोडायची नाही, म्हणून सांगतोय." तो आधी म्हणाला, "अरे, गंमत केली." नंतर बराच वेळ पाण्याकडे बघत गप्प राहिला. तो जत तालुक्यातला. बऱ्याच वेळाने त्याने सांगितले की १९७२ च्या दुष्काळात त्याची आज्जी खडी फोडायच्या कामावर जात होती आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन त्यांच्या घराने दिवस काढले. एवढे बोलून तो उठला. माफी वगैरे त्याने मागितली नाही. मीही मागितली नाही तशी.

वाचकहो, या सगळ्यातून मला जे उमजले ते थोडक्यात असे. अपमान गिळणे म्हणजे क्षमा नव्हे, आणि अपमान फेडणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याने दुखावले त्याच्याकडे जावे, खरे सांगावे, जरूर पडली तर न्यायही मागावा, आणि हे करताना आपले काम व आपले मन वाकडे होऊ देऊ नये. दुसरा गाल पुढे करायला समोर उभे राहावे लागते. पळणाऱ्याला ते जमत नाही, आणि मीही पळालोच होतो.

परवा आमच्या कट्ट्यावर दुसऱ्याच कुणीतरी तोच जोंधळ्याचा विनोद केला. सगळे हसले. माझा मित्र हसला नाही. मीही हसलो नाही. थोड्या वेळाने विषय बदलला आणि चहा आला.